लॅपटॉपची स्मृती : विकत घेण्यापूर्वी



चार-पाच वर्षे वापरलेला लॅपटॉप मंदावला की दुकानदार म्हणतो, “आता नवाच घ्या.” पगारावर घर चालविणाऱ्या माणसाला हे वाक्य फार महाग पडते. पुष्कळदा यंत्र धड असते. अपुरी पडते ती केवळ रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती. शिंप्याच्या दुकानात कापडाचे कपाट वेगळे आणि कापड बेतण्याचे टेबल वेगळे. रॅम हे टेबल होय. टेबल लहान असले की कारागीर कितीही कुशल असो, त्याचा वेळ उचल-ठेवीतच जातो.

म्हणून प्रथम टेबल खरोखर भरले आहे काय, हे पाहावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती व्यापली आहे ते दिसते. काम चालू असताना ती अर्धी रिकामी राहत असेल, तर दोष अन्यत्र आहे. नवी पट्टी घेऊन लाभ नाही.

रॅम वाढविणे ठरल्यास ती बदलता येते काय, हे विचारावे. अनेक पातळ लॅपटॉपांत ती मुख्य पाटीवरच सोल्डर केलेली असते. ॲपलने २०२० पासून स्वतःच्या चिपा घालून काढलेल्या मॅकबुकांत ती मागाहून वाढविता येतच नाही.

पट्टी बदलता येत असेल, तर तिची पिढी पाहावी. लॅपटॉपच्या डीडीआर-३ पट्टीला २०४ संपर्कबिंदू असतात, डीडीआर-४ ला २६० व डीडीआर-५ ला २६२. खाचेची जागाही निराळी; एका पिढीची पट्टी दुसरीच्या खणात बसत नाही. जोर केल्यास खण मात्र मोडतो. डीडीआर-३ मध्ये आणखी एक फसगत आहे. १.५ व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची पट्टी दिसावयास सारखीच. परंतु काही यंत्रांना १.३५ व्होल्टचीच लागते.

यानंतर मर्यादा. खण किती आणि यंत्र जास्तीत जास्त किती गिगाबाइट स्वीकारते, हे मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या माहितीपत्रकात सापडते. राहता राहिला वेग. २६६६ आणि ३२०० वेगाच्या पट्ट्या शेजारी बसविल्या, तर सामान्यतः दोन्ही २६६६ नेच चालतात. जादा वेगाचे पैसे वाया जातात. दोन खण असल्यास सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या बसविणे हिताचे, कारण प्रोसेसरला दोन्ही मार्गांनी एकाच वेळी माहिती मिळते.

एवढे कागदावर लिहून मगच दुकानाची पायरी चढावी, आणि न जुळल्यास पट्टी परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी.

हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही. ज्या हत्यारावर आपली भाकरी अवलंबून आहे, ते उघडून दुरुस्त करता येणार की नाही, हे कोणी ठरवावयाचे? आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ती याच प्रश्नापोटी. तो हक्क ग्राहकाने दुकानातच बजावावयास लागले पाहिजे. नवा लॅपटॉप घेताना “याची रॅम पुढे वाढविता येईल काय?” हे आधी विचारा. गिऱ्हाइके एकमुखाने हा प्रश्न विचारू लागली, तर उत्पादकाला त्याचे उत्तर देणे भाग पडेल.