मन गुंतविणारें पुस्तक कोठें सांपडतें?

"वाचायला कांहीं नाहीं," ही तक्रार ज्या घरांत पुस्तकांचें कपाट भरलेलें असतें त्याच घरांत अधिक ऐकूं येते, हें एक कोडेंच आहे. कपाटांत ज्ञानेश्वरी असते, आजोबांच्या वेळचे निबंधसंग्रह असतात, लग्नांत आहेर म्हणून आलेल्या कादंबऱ्या असतात, मुलांना शाळेंत बक्षीस मिळालेलीं थोरांचीं चरित्रें असतात. आणि तरीहि रात्रीं जेवणें उरकल्यावर घरांतील पांच माणसें पांच कोपऱ्यांत पांच मोबाइल घेऊन बसलेलीं दिसतात. वडीलधारी मंडळी ह्याचा दोष मुलांना देतात, मुलें पुस्तकांना देतात, आणि पुस्तकें बिचारीं मुकाट्यानें धूळ खात राहतात.

आमच्या मतें दोष दोहोंकडेहि नाहीं. वाचनाची भूक मेलेली नाहीं. पुस्तक निवडण्याची आपली रीत मात्र सदोष आहे. आपण पुस्तक निवडतों तें त्याच्या कीर्तीवरून, किंवा त्याच्या प्रकारावरून. "फार गाजलेलें आहे, वाचलेंच पाहिजे," असें म्हणून एखादा जाडजूड ग्रंथ घरीं आणतों आणि विसाव्या पानावर खूण घालून ठेवतों. ती खूण वर्षभर तेथेंच राहते. नाहीं तर "मला कादंबरी आवडते, इतिहास रुक्ष वाटतो," "चरित्रें तेवढीं वाचावीं, कथाकादंबऱ्या म्हणजे वेळेचा अपव्यय," अशीं कुंपणें स्वतःभोंवतीं घालून घेतों. वस्तुतः मनाला धरून ठेवतो तो वाङ्मयप्रकार नव्हे. पुस्तकाच्या आंत कांहीं एक ओढ असते. तीच ओढ अगदीं निराळ्या प्रकारच्या पुस्तकांतहि आढळते. ती ओळखण्याची ज्याला संवय लागली, त्याला जन्मभर पुस्तकांचा तुटवडा पडत नाहीं.

फळीवरचे आंकडे आणि वाचकाचें मन

पुस्तकांचे वर्ग मुळांत ग्रंथपालाच्या सोयीसाठीं झाले. मेल्व्हिल ड्यूई ह्या अमेरिकन ग्रंथपालानें १८७६ सालीं सर्व ज्ञानाचे १० विभाग कल्पून त्यांना आंकडे दिले. त्या पद्धतीप्रमाणें भौतिक शास्त्रें ५०० च्या घरांत, ललित वाङ्मय ८०० च्या घरांत, इतिहास व प्रवास ९०० च्या घरांत पडतात. आपल्याकडील पुष्कळ ग्रंथालयांतून हीच पद्धत चालते. पुस्तक परत जागेवर ठेवण्यासाठीं ही व्यवस्था उत्तम खरी. पण वाचकाचें मन असें दहा खणांत विभागलेलें नसतें.

सातारा जिल्ह्यांत पांचगणीजवळ भिलार नांवाचें, स्ट्रॉबेरीसाठीं प्रसिद्ध असलेलें एक गांव आहे. २०१७ सालीं महाराष्ट्र शासनानें तें 'पुस्तकांचें गांव' म्हणून घोषित केलें. गांवांतील घरांतून व इतर ठिकाणीं पुस्तकें मांडण्यांत आलीं, आणि एका ठिकाणीं इतिहास, दुसऱ्या ठिकाणीं कविता, तिसऱ्या ठिकाणीं बालवाङ्मय अशी वांटणी झाली. येथें येणारा पाहुणा आपल्या आवडीच्या घरीं प्रथम जाईल हें साहजिक आहे. परंतु तेवढ्याच एका घरांत बसून जो परत फिरला, त्यानें गांव पाहिलें असें कसें म्हणावें? आपल्यापैकीं बहुतेकांचें वाचन मात्र असेंच एका घरांत होत असतें.

तीन वाचक, तीन वाटा

समजा, एका एकत्र कुटुंबांत चौदा वर्षांचा मुलगा आहे व त्याला रहस्यकथांचें वेड आहे. आजोबांना तें वाचन हलकें वाटतें. आमचें म्हणणें असें कीं, आधीं त्याला धाक घालूं नये. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ह्यांच्या मागें धांवतां धांवतांच कित्येकांना भराभर वाचण्याची संवय जडली. ह्या मुलाला धरून ठेवते ती 'आतां पुढें काय?' ही उत्कंठा होय. तर मग तीच उत्कंठा दुसरीकडे कोठें आहे, हें पाहावें. १८५७ सालीं पेणजवळच्या वरसई गांवचे एक गरीब भिक्षुक, विष्णुभट गोडसे, घरचें कर्ज फेडण्याइतकी दक्षिणा मिळावी म्हणून चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघतात. वाटेंत बंडाची वार्ता लागते, तरीहि ते पुढें जातात, आणि अखेर झांशीच्या वेढ्यांत सांपडतात. तोफांचा मारा, शहराची लूट, जिवावरचे प्रसंग, ह्या सर्वांतून वांचून ते गंगेची कावड घेऊन घरीं परततात. मिळविलेलें द्रव्य मात्र लुटारूंनीं नेलेलें असतें. ही घडलेली हकीकत त्यांनीं पुष्कळ वर्षांनीं लिहून काढली, व चिंतामणराव वैद्य ह्यांनीं ती १९०७ सालीं 'माझा प्रवास' ह्या नांवानें प्रसिद्ध केली. "बंडाच्या काळाचें हें महत्त्वाचें साधन आहे," असें सांगून तें मुलाच्या हातीं दिलें तर तो तें बाजूला ठेवील. "दक्षिणेसाठीं निघालेला भटजी वेढ्यांत अडकला, कसा सुटला तें बघ," असें सांगितलें तर रात्रीं दिवा मालवायला सांगावें लागेल.

घरांतील सूनबाईंची गोष्ट निराळी. त्यांना हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी फार आवडलेली आहे. हरिभाऊंनीं १८९० सालीं 'करमणूक' हें साप्ताहिक सुरू केलें व त्यांतून ही कादंबरी क्रमशः आली. त्यांतील यमू आपली कहाणी आपल्याच तोंडानें सांगते. शेजारीं बसून कोणी जिवाभावाची बाई बोलत आहे असें वाचतांना वाटतें. सूनबाईंना गुंतविलें तें ह्या आवाजानें. मग आणखी कादंबऱ्या शोधण्याऐवजीं त्याच आवाजाचा माग काढावा. रमाबाई रानडे ह्यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' १९१० सालीं निघाल्या. अकराव्या वर्षीं लग्न होऊन आलेली मुलगी पतीच्या सांगण्यावरून अक्षरें गिरवूं लागते आणि घरांतील बायकांचा रोष सोसते, हें त्यांत वाचलें म्हणजे आज पुस्तक उघडून निवांत बसणें ही केवढी मिळकत आहे, तें कळतें. पुढें लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आहेतच. त्यांचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. शाळेचें तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंनीं दुःखाच्या प्रसंगींहि हंसूं फुटावें असें गद्य लिहिलें.

ही वाट येथेंच थांबवूं नये, असें आम्हांला आग्रहानें सांगावयाचें आहे. दया पवार ह्यांचें 'बलुतं' १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. तेंहि एका माणसानें स्वतःच्या तोंडानें सांगितलेलें आयुष्यच होय. पण तें महारवाड्यांतलें आणि मुंबईच्या कावाखान्यांतलें आयुष्य आहे. आपल्यासारख्या घरांतून तें वाचतांना अस्वस्थता वाटेल, आणि ती वाटावी हेंच योग्य. यमूच्या कहाणीनें ज्याचें मन द्रवलें, त्यानें ह्या आवाजाला कान न देणें म्हणजे ओसरीपर्यंत येऊन दार लावून घेणें होय.

आतां आजोबा. त्यांना इतिहासाखेरीज दुसरें कांहीं नको असतें, व कल्पित कथा म्हणजे पोरखेळ वाटतो. नीट पाहिलें तर त्यांना सनावळ्यांची आवड नसते. 'असें कां घडलें?' हा प्रश्न त्यांना सोडीत नाहीं. इरावती कर्वे ह्यांचें 'युगान्त' हें पुस्तक १९६७ सालीं निघालें. त्यांत भीष्म, कुंती, गांधारी, द्रौपदी ह्यांच्याकडे देव्हाऱ्यांतील मूर्ति म्हणून न पाहतां माणसें म्हणून पाहिलें आहे, आणि त्यांनीं असें कां केलें असेल ह्याचा विचार केला आहे. आजोबांचें सर्वच मुद्द्यांवर एकमत होणार नाहीं. किंबहुना चार ठिकाणीं ते चिडतील. पण पुस्तक खालीं ठेवणार नाहींत. त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ मधील 'बनगरवाडी' त्यांच्या हातीं द्यावी. माणदेशांतील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, वाडी हळूहळू त्याला आपला मानते, आणि शेवटीं दुष्काळ तिला पांगवून टाकतो. एखादें गांव कशानें टिकतें व कशानें मोडतें, हें ज्याला जाणून घ्यावयाचें आहे त्याला ही कल्पित कथा पोरखेळ वाटणार नाहीं.

पुस्तक शोधावें कसें?

पहिली गोष्ट, ग्रंथालयांत जाऊन "एखादें चांगलें पुस्तक द्या" असें म्हणूं नये. चांगल्या पुस्तकाची व्याख्या ग्रंथपालानें काय करावी? त्यापेक्षां "मागच्या खेपेस अमुक पुस्तक नेलें होतें, त्यांतलें तमुक फार आवडलें," असें सांगावें. एवढ्या एका वाक्यानें त्याचें काम सोपें होतें. जेथें फळ्यांमधून स्वतः हिंडतां येतें, अशा मुक्तद्वार ग्रंथालयांत जाण्याची सोय असेल तर आपल्या नेहमींच्या कपाटाकडे जाण्यापूर्वीं पांच मिनिटें अनोळखी कपाटासमोर उभें राहावें.

दुसरी गोष्ट, पुस्तकाची परीक्षा प्रस्तावनेवरून करूं नये. प्रस्तावना बहुधा स्नेह्यांनीं लिहिलेली असते. मधलेंच एखादें पान उघडावें व दोन परिच्छेद वाचावे. तिसऱ्याकडे मन आपोआप ओढलें गेलें तर पुस्तक घरीं न्यावें. आणि नेल्यावरहि तीस-चाळीस पानांत सूर जुळला नाहीं तर तें खुशाल परत करावें. पानांत वाढलेलें टाकूं नये हा नियम जेवणाचा आहे, पुस्तकाचा नव्हे.

तिसरी गोष्ट, कीर्तीला भुलूं नये आणि अनोळखी नांवाला बिचकूं नये. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेंत नारायण विनायक जगताप नांवाच्या लेखकाच्या 'कृष्णविवर' ह्या कथेला पहिलें बक्षीस मिळालें. मागाहून कळलें कीं, हे जगताप म्हणजे ज्योतिःशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर होत. आपल्या नांवाचें वजन परीक्षकांवर पडूं नये म्हणून त्यांनीं स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हें टोपणनांव घेतलें होतें. परीक्षकांनीं निवडली ती कथा, नांव नव्हे. वाचकानेंहि असेंच करावें.

चौथी गोष्ट, नवा प्रकार चाखून पाहण्यासाठीं दिवाळी अंकासारखें साधन नाहीं. का. र. मित्र ह्यांनीं १९०९ सालीं 'मासिक मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून ही प्रथा मराठींत रुजली. एकाच अंकांत कथा, कविता, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र, विनोद, शास्त्रीय लेख असें सारें फराळाच्या ताटासारखें मांडलेलें असतें. जो लेख आवडेल त्याच्या लेखकाचें नांव वहींत टिपून ठेवावें. वर्षभराच्या पुस्तकांची यादी तेथेंच तयार होते.

घराचा वाटा

एवढें झालें तरी घराची साथ नसेल तर वाचन टिकत नाहीं. सूनबाई पुस्तक घेऊन बसल्या कीं नेमकें त्याच वेळीं कोणाला तरी चहा आठवतो, ही रीत अजून पुष्कळ घरांतून गेलेली नाहीं. वाचन करणारें माणूस रिकामें बसलेलें नसतें, एवढें घरांतल्या सर्वांनीं मान्य केलें तर अर्धें काम झालें. मुलाच्या हातांतलें पुस्तक 'हलकें' म्हणून काढून घेतलें तर तो 'भारी' पुस्तक हातीं घेत नाहीं. तो मोबाइल घेतो.

एका छपराखालीं राहणाऱ्या माणसांना आज एकमेकांशीं बोलायला विषय उरत नाहीं, ही खरी चिंतेची गोष्ट आहे. भाजी, वीजबिल आणि परीक्षेचे गुण एवढ्यांवर संभाषण संपतें. एकत्र कुटुंबाला ह्या बाबतींत एक मोठी सोय आहे, ती ही कीं, चार वयांचीं व चार आवडींचीं माणसें तेथें आयतीं जमलेलीं असतात. प्रत्येकानें महिन्यांतून एकदां आपल्याला आवडलेलें एक पुस्तक घरांतील दुसऱ्या माणसाला द्यावें, आणि तें देतांना त्यानें आपल्याला कशानें धरून ठेवलें हें एका वाक्यांत सांगावें. नातवानें आजोबांना रहस्यकथा द्यावी, आजोबांनीं सूनबाईंना 'युगान्त' द्यावें, सूनबाईंनीं मुलाला 'स्मृतिचित्रें' द्यावींत. सुटीच्या दिवशीं देवलांचें 'संशयकल्लोळ' घेऊन पात्रें वांटून मोठ्यानें वाचावें. ज्यांना पुस्तकाचा कंटाळा आहे तेहि आपलें भाषण केव्हां येतें म्हणून पुस्तकावर नजर ठेवून बसतील.

ह्या महिन्यांत ग्रंथालयांतून दोन पुस्तकें आणावींत: एक नेहमींच्या आवडीचें, व दुसरें ज्या कपाटाकडे आपण आजवर कधीं वळलों नाहीं त्या कपाटांतलें. दुसरें आवडलें नाहीं तर परत करायला पंधरा दिवस आहेतच.