पहिला डोंगर चढताना चाल नवख्याची हवी

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की व्हॉट्सॲपच्या गटांवर एक प्रश्न हमखास येतो, ‘रविवारी कर्नाळ्याला येणार का?’ उलव्याहून पनवेल गाठून मुंबई-गोवा महामार्गाला लागले की थोड्याच वेळात किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. दरवर्षी दोन-चार डोंगर पालथे घालणारा एक मित्र आणि ट्रेकिंगचे बूट पहिल्यांदाच बांधणारा दुसरा, अशी जोडी जवळपास प्रत्येक सोसायटीत सापडते. थंडीतली अशी सहल शरीराला आणि मनाला उत्तम. फक्त ती कोणाच्या वेगाने चालायची, हे निघण्यापूर्वी ठरलेले बरे.

उलव्यासारख्या नव्या वस्तीत चढ चढायचा प्रसंग मुळातच कमी येतो. इथली सुमारे ९० मीटर उंचीची टेकडीही नवी मुंबई विमानतळासाठी कापून सपाट झाली. इमारतीत लिफ्ट, खारकोपर किंवा बामणडोंगरीहून लोकल, कचेरीत खुर्ची आणि संध्याकाळी पुन्हा लिफ्ट, असा दिवस जातो. कर्नाळ्याची चढण मात्र तीनशे मीटरहून अधिक आहे. एक मजला तीन मीटरचा धरला तर हे शंभराहून जास्त मजले जिन्याने चढण्यासारखे झाले. ज्याने वर्षभरात सलग पाच मजलेही चढलेले नाहीत, त्याच्या हृदयापुढे रविवारी सकाळी अचानक हे काम येते.

अचानक आलेल्या श्रमाचा हृदयावर काय परिणाम होतो, याचा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत झाला आणि १९९३मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांना, झटक्याच्या आधीच्या तासात ते काय करत होते, हे विचारण्यात आले. जे लोक आठवड्यातून एकदाही जोराचे श्रम करत नव्हते, त्यांच्यात अशा श्रमानंतर लगेचचा धोका एरवीच्या तुलनेत सुमारे १०७ पट आढळला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो अवघा २.४ पट होता.

हा आकडा वाचून डोंगराची भीती घेण्याचे कारण नाही. कोणत्याही एका तासात झटका येण्याची शक्यता मुळात अगदी थोडी असते, त्यामुळे ती अनेक पटींनी वाढली तरी बहुतेक जण सुखरूप घरी परततात. शिवाय नियमित व्यायामाने एकूण धोका कमीच होतो. अभ्यासातून घ्यायचा धडा इतकाच, की सवय नसलेल्या माणसाने एकदम धाप लागेल असे चढू नये. तोच डोंगर सावकाश चढला तर ते जोराचे श्रम राहत नाहीत, मध्यम व्यायाम ठरतो.

हा सावकाशपणा मोजायला मनगटावरचे घड्याळ लागत नाही. चालता चालता पूर्ण वाक्य न तुटता बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग जास्त आहे. म्हणून सराईत मित्राने गप्पा सुरू ठेवाव्यात आणि उत्तरे कशी येतात याकडे कान द्यावा. ‘हो’, ‘नाही’ एवढीच उत्तरे येऊ लागली की थांबण्याची वेळ झाली.

अडचण अशी, की नवखा माणूस दमल्याचे सहसा सांगत नाही. चाळिशी-पन्नाशीतले पुरुष तर नाहीच. सराईत मंडळी पुढे जाऊन झाडाखाली बसतात, मागचा धापा टाकत पोहोचतो आणि त्याला पाहताच ती उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला ती मिळते आणि ज्याला आहे तो बसतच नाही. यावर सोपा उपाय म्हणजे नवख्याला पुढे चालू द्यावे आणि इतरांनी त्याच्या मागे राहावे.

कोकणातल्या हिवाळ्याचेही काही खास डावपेच आहेत. पहाटे गारवा असतो, पण अकरा वाजेपर्यंत ऊन चटके देऊ लागते आणि दुपारी पारा अनेकदा तिशीपार जातो. गारव्यात तहान कमी लागते, घाम लवकर वाळतो आणि पाणी प्यायचे राहून जाते. माणशी दोन लिटर पाणी सोबत असावे आणि तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी घोटभर प्यावे. थंडीत धूळ आणि धूर जमिनीलगत साचून राहतात, गार हवेनेही श्वासनलिका आकसतात. त्यामुळे दम्याच्या रुग्णाने पंप गाडीत न ठेवता खिशात ठेवावा.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये. मात्रेबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे आणि ग्लुकोजची पुडी जवळ ठेवावी. साखर उतरण्याचा प्रकार घरी परतल्यावर, रात्रीही होऊ शकतो. रक्तदाब कित्येक वर्षांत मोजलेलाच नसेल, तर ट्रेकचे निमित्त करून तो मोजून घ्यावा.

चढताना दम लागतो, पण पाय दुखतात ते उतरण्यामुळे. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात आणि त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. हे दुखणे एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते, म्हणून सोमवारी, मंगळवारी रेल्वे स्थानकाचा जिना उतरणे जड जाते. ते आपोआप बरे होते आणि पुढच्या वेळी कमी दुखते. उतरताना छोटी पावले टाकावीत, हाती काठी असावी. लघवी मात्र चहासारखी गडद होऊ लागली, तर दवाखाना गाठावा.

कर्नाळ्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची मोहोळे असतात. तिथे आरडाओरडा, धूर, उग्र अत्तर टाळावे. माश्या उठल्याच तर तोंड झाकून शक्य तितक्या लवकर लांब जावे. डंखानंतर अंगभर पित्त उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास अडकणे असे काही झाले तर रुग्णालयच हवे.

सगळ्यात महत्त्वाची खूण छातीची. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पुढे चढू नये. मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसता दम किंवा विचित्र थकवा येऊ शकतो. अशा माणसाला बसवावे, एकटे खाली पाठवू नये आणि १०८ला फोन करावा. डोंगरात नेटवर्क दगा देते, म्हणून ते कुठे मिळते हे चढतानाच पाहून ठेवावे.

तयारीला चार आठवडे पुरतात. आठवड्यातून तीन-चार दिवस लिफ्ट सोडून आधी दोन, मग चार, मग सहा मजले चढावेत. तेवढेही न जमणाऱ्याने पहिल्या खेपेला किल्ल्याचा हट्ट न धरता अभयारण्यातल्या सपाट पायवाटांवर पक्षी पाहत फिरावे. अर्ध्या वाटेवरून परतणे यात कमीपणा नाही, किल्ला तिथेच राहणार आहे. सहल जमली की नाही, हे माथ्यावरच्या फोटोवरून कळत नाही. चार दिवसांनी पाय मोकळे झाल्यावर नवख्यानेच ‘पुढचा रविवार कुठे?’ असे विचारले, की समजावे, जमली.