हातमोजे घालून सुईत दोरा ओवता येईल?

मुलांनो, आज एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या मांजरीच्या शाळेत सकाळी चौथीचं शुद्धलेखन चाललं होतं. एका मुलाची वही हातात घेतली आणि मी कपाळाला हात लावला. अक्षरं म्हणजे नुसते कोंबडीचे पाय! "दिवाळीआधी किती छान लिहीत होतास! आता आळस चढला का?" मी सगळ्यांसमोर रागावले. तो खाली मान घालून उभा राहिला.

मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तो पहाटे घरच्यांबरोबर मेथी-कोथिंबीर धुतो. त्याची बोटंच वळत नाहीत."

मी त्याचा हात हातात घेतला. गारठलेला, बोटं लालबुंद! विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, पण त्यांच्या हौदातलं पाणी रात्रभर उघड्यावर पडून गारढोण होतं. मला फार वाईट वाटलं. मग मनात आलं, थंड समुद्रात बुडी मारून काम करणारे पाणबुडे काय करत असतील? त्यांना तर जाड हातमोजे घालूनच बारीक कामं करावी लागतात. शोधायला बसले, आणि त्यातून जे कळलं ते आपल्या मांजरीतही उपयोगी पडलं.

बोटं कोण हलवतं?

डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटं हलवा. आत काहीतरी वळवळलं ना? बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच! ते असतात कोपर आणि मनगटाच्या मध्ये. तिथून दोरीसारखे कंडरे बोटांपर्यंत जातात आणि कळसूत्री बाहुलीसारखी बोटं नाचवतात.

थंडी वाजली की शरीर हुशारी करतं. हृदय, मेंदू असे महत्त्वाचे अवयव उबदार ठेवायचे म्हणून हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. बोटांना रक्त कमी, म्हणजे ऊबही कमी. सांध्यातलं वंगण घट्ट होतं, मज्जातंतूंचे निरोप सावकाश पोहोचतात. बोटांच्या त्वचेचं तापमान साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की कामातली सफाई झपाट्यानं कमी होते. त्याहून खाली गेलं, तर हातात काय धरलंय तेही कळत नाही. हा आळस नव्हे, बरं का!

त्यातून पाणी म्हणजे ऊब पळवणारा मोठा चोर. हवेपेक्षा ते सुमारे २५ पट जास्त सहजतेनं उष्णता वाहून नेतं. आपल्या पुण्याचा रोहन मोरे आठवतो का? जगातल्या सात अवघड सागरी खाड्या पोहून पार करणारा तो पहिला आशियाई. ही कामगिरी त्यानं २०१८ साली पूर्ण केली. अशा पोहण्यात हातमोजे घालायची परवानगीच नसते. गार पाण्यात पोहणाऱ्यांची बोटं हळूहळू फाकतात आणि पंजा आखडतो. सोबतच्या नावेतले लोक त्यावर बारीक नजर ठेवतात, कारण तो धोक्याचा इशारा असतो.

ऊब हवी की चपळाई?

मालवण-तारकर्लीचा समुद्र उबदार, तिथे जाड हातमोजे लागत नाहीत. पण अंटार्क्टिकाजवळ समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांपर्यंत गार असतं. तिथे उघड्या हातांनी काम करणं अशक्य.

पाणबुड्यांचे नेहमीचे हातमोजे निओप्रीन नावाच्या रबराचे असतात. त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. तेच ऊब राखतात. जाडी ३, ५ किंवा ७ मिलिमीटर. गंमत अशी, की १० मीटर खोल गेलं की दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात आणि हातमोजे कमी ऊब देतात. दुसरा प्रकार कोरड्या हातमोज्यांचा: आत लोकरीचे, वर पाणी न शिरणारे रबरी.

पण जाडी वाढली की बोटं ठोंब्यासारखी होतात. आणि पाण्याखाली बोटांवर जीव अवलंबून असतो! संकटात कमरेच्या वजनाच्या पट्ट्याचं बक्कल एका हातानं झटकन सोडवावं लागतं. ते सापडलंच नाही तर? म्हणून पाणबुड्यांनी युक्त्या काढल्या आहेत.

एक, फक्त हात नाही, सगळं अंग गरम ठेवायचं. अंग गार पडलं की शरीर बोटांची ऊब आधी काढून घेतं. मनगट आणि कोपराखालचा भागही झाकायचा, कारण बोटांचे स्नायू तिथेच!

दोन, हातमोजे घट्ट नकोत. घट्ट असले की रक्त अडतं आणि बोटं आणखी गारठतात. काही हातमोज्यांना तीनच कप्पे असतात: अंगठा, तर्जनी आणि उरलेली तीन बोटं एकत्र. शेजारी-शेजारी बसलेली बोटं एकमेकांना ऊब देतात.

तीन, बोटांना जमेल अशी वस्तू बनवायची. मोठ्या कड्या, मोठे आकडे, चेनला दोरीचा फास.

चार, जमिनीवर सराव. हातमोजे घालून, डोळे मिटून प्रत्येक बक्कल शंभरदा उघडायचं-लावायचं.

पाच, नाजूक काम बोटं गरम असतानाच उरकायचं. आणि बोटं बधिर व्हायला लागली, की काम अर्धं राहिलं तरी वर यायचं. यात कमीपणा नाही, शहाणपण आहे.

मग आमच्या वर्गात काय झालं?

मी त्या मुलाच्या आईला भेटले, हे सगळं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, एवढंच ना?" त्यांनी लोकरीच्या हातमोज्यांवर सैल रबरी हातमोजे चढवले. झाले कोरडे हातमोजे! पण ते घालून जुड्या बांधता येईनात. मग त्यांनीच क्रम ठरवला. आधी कोरड्या, उघड्या हातांनी सगळ्या जुड्या बांधायच्या, मग हातमोजे घालून त्या पाण्यात बुचकळायच्या. नाजूक काम आधी, ओलं काम नंतर!

मीही बदलले. थंडीत शुद्धलेखन आता मधल्या सुट्टीनंतर घेते. सकाळी आधी मुठी उघड-मीट, मग हात काखेत दाबून पाढे. आणि त्या मुलाची मी सगळ्या वर्गासमोर माफी मागितली, कारण रागावलेही सगळ्यांसमोरच होते.

तुम्हीही घरी करून बघा. लोकरीचे हातमोजे घाला आणि शर्टाची पाच बटणं लावा. घड्याळ लावून वेळ लिहून ठेवा. रोज एकदा असं आठवडाभर करा. वेळ कमी होते का? सुईत दोराही ओवून बघा, पण मोठी गोधडीची सुई घ्या. आणि हो, बधिर झालेले हात लगेच चुलीवर किंवा कढत पाण्यात धरू नका. बधिर बोटांना चटका कळत नाही. काखेत धरा, हळूहळू गरम होऊ द्या.

पालकांनो, एखाद्या गारठलेल्या सकाळी मुलाचं अक्षर बिघडलेलं दिसलं, तर वहीआधी त्याचा हात हातात घेऊन बघाल ना?