पायाला पेडल कळतंय ना?

सायकल चालवताना पेडल पायाला कळतं, ब्रेक बोटांना कळतो. हे केवढं देणं आहे! कुष्ठरोगात नेमकी हीच जाणीव जाते. पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनात अशा रुग्णांची सेवा कित्येक वर्षं चालू आहे. त्यांच्यासाठीच वरोऱ्याला आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभराहून जास्त तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवर निघाले. मणक्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसताही येत नव्हतं. ते गाडीत आडवे पडून सोबत गेले.

आपले पाय तर धडधाकट आहेत. बचत गटाच्या कामाला सायकलवर निघालात, की वाटेतल्या वाडीवर पाच मिनिटं थांबा. कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. चारचौघींत मात्र विचारू नका. औषध मोफत मिळतं. सहा महिने ते वर्षभर नेमानं घेतलं, की रोग बरा होतो. वेळेत सुरू केलं, तर हातपाय वाचतात. एकटी जायला ती कचरली, तर तिला कॅरिअरवर बसवून न्या.