स्केटिंगचा बूट : वाढीव माप नको

आम्ही कापडवाले. ईदला पोराचा सदरा शिवताना दोन बोटे वाढीव माप घ्या, असे आम्हीच सांगतो. पण स्केटिंगच्या बुटाला हा हिशोब चालत नाही. बूटविक्रेत्या बंधूंनी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

सैल बुटात टाच उचलली जाते आणि घोटा मुरगळतो. म्हणून पोराला उभे करून दोन्ही पाय मोजावेत, मोठ्या पायाचे माप धरावे. पायमोजा पातळ असावा. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरावीत. टाच मात्र हलता कामा नये. एखाद्या जागी चामडे टोचले तर आपले कारागीर कलबुतावर चढवून तेवढी जागा सैल करतात. मोठा बूट लहान कोण करणार?

बूट ठरल्यावर खालचा भाग निवडावा. सिमल्यात १९२० पासून बर्फावर स्केटिंग चालते. बर्फावरच्या बुटाला सुमारे ४ मिलिमीटर जाड पाते असते, पुढे दाते असतात. नवशिक्याला लहान दाते बरे. जळगाव-धुळ्याच्या उन्हात बर्फ कुठला? आपल्याकडे चाके. उघड्या सिमेंटवर मऊ, गुळगुळीत फरशीवर कडक चाके घ्यावीत.

पोराचा पाय वाढतो, दरवेळी नवा बूट परवडत नाही, ही बापाची अडचण खरी आहे. त्यावर तोड अशी : लहान झालेला बूट दुकानदाराने रास्त भावात परत घ्यावा आणि दुसऱ्या पोराला त्याच मापाने द्यावा. गिऱ्हाईक टिकेल, पायही शाबूत राहील.