हातातील खेळयंत्राचा पडदा : चकचकीत की मॅट?

हातात धरून खेळावयाच्या यंत्राचा पडदा चकचकीत असावा की मॅट, हा प्रश्न सामान्यतः आवडीनिवडीचा समजला जातो. वस्तुतः तो परावर्तनाचा प्रश्न होय. १९८९ सालच्या ‘गेम बॉय’च्या पडद्यास स्वतःचा प्रकाश नव्हता; बाहेरील उजेड हाच त्याचा आधार होता. आतून उजळणाऱ्या आजच्या पडद्यांस तोच उजेड बाधक ठरतो. २०२२ साली आलेल्या ‘स्टीम डेक’च्या केवळ सर्वांत महाग प्रकारास मॅट काच होती. ही काच परावर्तन नाहीसे करते, असा समज त्यामुळे सहज होतो. तो तपासून पाहणे इष्ट आहे.

काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५ असल्याने समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ ४ टक्के प्रकाश तिच्या पृष्ठावरून परततो. पृष्ठ खरबरीत केल्याने हे प्रमाण फारसे घटत नाही. परतणारा प्रकाश फक्त विखुरला जातो. चकचकीत काच एका दिशेकडील वस्तूचे प्रतिबिंब दाखविते. मॅट काच अनेक दिशांच्या प्रकाशाची सरासरी दाखविते. परावर्तन खरोखर कमी करणारा पातळ लेप ही निराळी वस्तू आहे.

नेवासे तालुक्यातील सोनई सुमारे १९.४ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मेच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. उघड्या उन्हात प्रदीपन एक लाख लक्सपर्यंत जाते व कोणताही सामान्य पडदा निरुपयोगी होतो. म्हणून खरी परीक्षा ओसरीवर होते. पडद्याची दीप्ती प्रति चौरस मीटर ४०० कँडेला धरू. खेळणारा अंगणाकडे पाठ करून बसला, तर चकचकीत काचेत समोरची उन्हातली पांढरी भिंत उमटते. भिंतीची दीप्ती २०,००० धरल्यास प्रतिबिंबाची ८०० येते. म्हणजे प्रतिबिंब चित्राहून दुप्पट तेजस्वी होते. मॅट पृष्ठ प्रकाश सर्वत्र सारखा विखुरते असे मानले, तर १०,००० लक्समध्ये त्यावरील झाक सुमारे १३० भरते. चित्र फिके दिसते, तरी दिसते.

आता तोच खेळणारा अंगणाकडे तोंड करून बसला असे समजू. चकचकीत काचेत आतली अंधारी भिंत येते. तिची दीप्ती २०० असल्यास प्रतिबिंबाची केवळ ८ होते. पडद्यावर १,००० लक्स पडत असल्यास मॅट काचेवरील झाक १३ राहते. येथे चकचकीत पडदा सरस ठरतो. शिवाय मॅट काच चित्रबिंदूंचा प्रकाशही किंचित विखुरते. बारीक अक्षरांची धार बोथट होते व पांढऱ्या भागावर कणदार चमक जाणवते. खऱ्या मॅट काचा पूर्णतः समविकिरक नसतात. म्हणून वरील अंक दिशादर्शकच मानावेत.

तात्पर्य, बसण्याची दिशा बदलताच चकचकीत पडद्यावरील परावर्तन ८०० वरून ८ वर येते, तर मॅट पडद्यावरील १३० वरून १३ वर. पहिला अधिक देतो व अधिक हिरावतो. दुसरा मध्यम पण भरवशाचा. रात्री घरात किंवा ठरावीक जागी खेळणाऱ्याने चकचकीत पडदा घ्यावा. बसच्या खिडकीशी, झाडाखाली, अनेकांच्या हातांत फिरणाऱ्या यंत्रास मॅट योग्य. निर्णय होत नसल्यास चकचकीत काच घेऊन तीवर मॅट पापुद्रा चिकटवावा. तो काढता येतो. मात्र जादा पैसे मोजण्यापूर्वी बसण्याची दिशा बदलून पाहावी. त्यास खर्च नाही.