चाकाच्या पोटांतील वंगण

रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें तीर्थस्थान म्हणून सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या या गांवीं पूर्वीं दूरदूरचे यात्रेकरू बंड्या जुंपून येत. परंतु आज मला तीर्थाविषयीं नव्हे, तर तेथील रस्त्यांवरून फिरणाऱ्या चाकांविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. मोर्शी तालुक्याचा हा भाग काळ्या मातीचा, कापसाचा आणि संत्र्यांचा. शेतांत पिकलेला माल बाजारांत पोंचावयाचा तो चाकावरूनच.

जुन्या लांकडी बंडीचें चाक सांभाळणें सोपें होतें. लोखंडी आंस, त्याभोंवतीं फिरणारा तुंबा आणि दोहोंच्या मध्यें एरंडीच्या तेलाचें वंगण, एवढाच तो संसार. वंगणाचा नळा बंडीखालींच टांगलेला असे. वंगण आटलें कीं चाक करकरूं लागे, आणि गाडीवान कितीही आळशी असला तरी त्या आवाजास कंटाळून खालीं उतरे.

आतां बहुतेक ठिकाणीं लांकडी चाकांची जागा हवेच्या टायरांनीं घेतली आहे. टायरची बंडी असो वा ट्रॅक्टरमागील ट्रॉली असो, तिच्या तुंब्यांत बेअरिंगें असतात, आणि बिघडत असतां तीं लांकडी चाकाप्रमाणें हाकाटी करीत नाहींत. जी थोडी घरघर होते ती ट्रॅक्टरच्या आवाजांत बुडून जाते. सायंकाळीं कापूस वेंचून परतणाऱ्या बाया ट्रॉलींत बसलेल्या असाव्या आणि अशा वेळीं चाक आंसावरून निखळावें, याहून भयंकर तें काय? तीन-चार तासांच्या कामाचा कंटाळा केल्यानें असे प्रसंग ओढवतात.

हें बेअरिंग प्रथम मोटारीकरितां निघालें असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंत सेंट लुई येथें घोडागाड्या बांधणारे हेन्री टिमकेन यांनीं १८९८ सालीं निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगाचें पेटंट घेतलें. गाडी वळणावर गेली म्हणजे चाकावर वरून भार येतो, तसाच बाजूनेंही रेटा येतो. सरळ रोलर भार सोसतात, परंतु तो रेटा त्यांस पेलत नाहीं. निमुळते रोलर दोन्ही सोसतात. चाकाच्या तुंब्यांत अशीं दोन बेअरिंगें, आंतलें मोठें व बाहेरचें लहान, निमुळतीं टोकें समोरासमोर करून बसविलेलीं असतात.

बेताच्या भारानें बेअरिंग सहसा मरत नाहीं. त्यास मारतें तें पाणी आणि माती. भरलेली ट्रॉली चार कोस धांवली कीं तुंबा तापतो, आंतली हवा फुगते व सीलच्या कडेनें थोडी बाहेर पडते. तोच तापलेला तुंबा नाल्याच्या थंड पाण्यांत शिरला कीं हवा एकदम आकसते आणि बाहेरचें पाणी आंत ओढलें जातें. ग्रीस दुधाळ होतें, रोलरांवर गंज चढतो, आणि त्या गंजाचे कण पुढें कानशीचें काम करितात. परदेशांत लहान होड्या तलावांत सोडण्याकरितां चाकांच्या गाड्या असतात. त्यांचीं चाकें प्रत्येक खेपेस पाण्यांत बुडतात. म्हणून जाणते लोक काठावर थांबून तीं निवूं देतात. कांहींजण तर स्प्रिंगची टोपी बसवून आंतल्या ग्रीसावर सतत थोडा दाब ठेवितात, म्हणजे पाण्यास शिरकाव मिळत नाहीं. आपणांस ती टोपी मिळो न मिळो, नाल्याच्या काठीं पाव तास थांबणें कोणासही परवडेल.

पुष्कळांची समजूत अशी कीं, वरून ग्रीस भरलें म्हणजे काम झालें. नासलेल्या ग्रीसावर नवें ग्रीस चढविणें म्हणजे न घांसलेल्या भांड्यांत दूध ओतणें होय. चाक उतरविलेंच पाहिजे. ट्रॉली रिकामी करून सपाट जागीं उभी करावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकास दोन्ही बाजूंनीं दगड लावावे, आणि जॅकनें उचलल्यावर आंसाखालीं भक्कम ठोकळा द्यावा. केवळ जॅकच्या भरंवशावर खालीं हात घालूं नये. टोपी, कॉटर पिन व नट काढून चाक ओढून घ्यावें. बेअरिंगें रॉकेलांत वा डिझेलांत धुवून पूर्ण कोरडीं करावीं. डाव्या चाकाचीं उजव्यांत जाऊं देऊं नयेत; झिजलेल्या रोलरास परकें कडें मानवत नाहीं. रोलरावर खळगे दिसले किंवा तापल्याची निळसर झांक दिसली, तर बेअरिंग व त्याचें कडें हीं दोन्हीं बदलावीं. येथें काटकसर करूं नये.

नवें ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगाची रुंद कड त्यांत दाबीत जावी, म्हणजे तें रोलरांच्या मधून पलीकडे निघतें. तुंबा मात्र गच्च भरूं नये. तापल्यावर ग्रीसास फुगावयास जागा हवी. लिथियमचें ग्रीस पाणी आणि उष्णता दोन्ही बऱ्यापैकीं सोसतें. कॅल्शियमचें साधें ग्रीस पाण्यास दाद देत नाहीं, पण फार तापल्यास पातळ होऊन वाहूं लागतें. दोहोंची मिसळ करूं नये. सील प्रत्येक वेळीं नवें घालावें.

खरी कसोटी नट आंवळण्यांत आहे. बळकट माणूस तो जीव लावून आंवळतो आणि बेअरिंग जाळतो. भित्रा माणूस तो ढिला सोडतो आणि चाक डुगडुगतें. चाक हातानें फिरवीत नट थोडें जड लागेपर्यंत आंवळावा, मग सुमारें एक-षष्ठांश फेरा उलटा फिरवून जवळच्या खांचेंत नवी कॉटर पिन घालावी. चाक वर-खालीं धरून हलविलें असतां खडखड होऊं नये, आणि ढकललें असतां तें सहज फिरावें.

या कामास वऱ्हाडांत खंडेनवमीचा सुमार उत्तम. पाऊस सरलेला असतो, आणि कापसाची व आंबिया बहाराच्या संत्र्यांची वाहतूक तोंडावर आलेली असते. त्या दिवशीं आपण अवजारांची पूजा करितों. चाकास फूल वाहण्यापूर्वीं आदल्या दिवशीं तें उघडून पाहावें. नंतर पहिल्या खेपेस एक-दोन कोस गेल्यावर उतरून तुंब्यास हाताची पाठ लावावी. कोमट लागला तर खुशाल पुढें जावें; चटका बसला तर तेथेंच थांबावें आणि माल दुसऱ्या गाडींत घालावा.